रविवारी दाखवायचं घर

आमच्या धंद्यात शिव्या खायला वेगळं शिक्षण लागत नाही. भाडेकरूला वाटतं एजंट मालकाच्या खिशात आहे, मालकाला वाटतं तो भाडेकरूला सामील आहे, आणि दोघांना मिळून वाटतं की यानं केलं काय, नुसतं कुलूप तर उघडलं. बारा वर्षं मी हे ऐकतोय आणि बारा वर्षं माझं डोकं तितकंच फिरतं. माझ्या नाकावर राग आहे असं घरचे म्हणतात. एकदा घरं दाखवून बघा म्हणावं.

ऑफिस माझं नाही, आत्याचं. वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षांपूर्वी एका जिन्याखालच्या खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या टाकून तिनं हे सुरू केलं, तेव्हा या धंद्यात बाई औषधालासुद्धा नव्हती. बाकीचे एजंट हसले होते. "ताई, जिने झेपतील का?" असं विचारायचे. त्यातले दोघं आता आपल्या मुलांसाठी जागा बघायला तिच्याकडेच येतात, आणि ती त्यांना आधी पाणी विचारते. मी असतो तर आधी जिने चढायला लावले असते.

ती अजूनही चार मजले चढते. दार उघडलं की पहिल्यांदा सगळे नळ सोडून बघते, मग खिडक्या उघडून मिटते, मग संडासात पाणी ओतते. घर किती छान आहे वगैरे तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. "या खिडकीची कडी नीट बसत नाही, जोर लावावा लागतो," असं ती गिऱ्हाइकाला सांगते आणि मी मागे उभा राहून दात-ओठ खातो. गंमत म्हणजे तिचं घर माझ्या आधी जातं.

ऑफिसात भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर हुक, हुकांवर किल्ल्या आणि प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा बिल्ला. बिल्ल्यावर मजला, खोल्या, मालकाचा नंबर, ही आत्याची पद्धत. बिल्ल्याच्या मागच्या बाजूला मात्र मी लिहायचो. दाखवायची वेळ. प्रत्येक घराची एक चांगली दिसायची वेळ असते, जसा प्रत्येक माणसाचा फोटोत एक बरा गाल असतो. 'अकराच्या आत' म्हणजे नंतर उजेड जातो आणि भरदुपारी दिवा लावावा लागतो. 'पाचनंतर' म्हणजे समोरची शाळा सुटलेली असते. आत्याला सगळी घरं तोंडपाठ, त्यामुळे ती बिल्ला उलटून कधी बघायची नाही. बारा वर्षं मी यालाच हुशारी समजत होतो.

खिळेकाकांच्या किल्लीमागे मी लिहिलं होतं : 'फक्त रविवार'.

खिळेकाका हे नाव आम्हीच पाडलेलं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांची त्यांची जागा, ती पहिल्यापासून मीच दाखवायचो. त्यांची एकच अट, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. जुना भाडेकरू गेला की ते स्वतः येऊन हातानं भिंती चाचपायचे. छत्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढली, त्यातून ही एवढीच जागा झाली. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला गेले. लेकीच्या घरात आपला भार नको म्हणून या भाड्यातून स्वतःचा खर्च भागवायचे. माणूस सरळ, पण बोलणं म्हणजे भांडण. फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडायचे की मी फोन कानापासून हातभर लांब धरायचो, आणि समोर असले की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे.

आणि 'फक्त रविवार' का, तर इमारतीच्या मागच्या बाजूला, बरोबर त्यांच्या झोपायच्या खोलीखाली, पत्रे कापायचं वर्कशॉप होतं. रविवारी ते बंद असायचं.

सिस्टरला ते घर मी रविवारी सकाळी दाखवलं. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात तिला कायमची रात्रपाळी होती. तिशीची असेल, एकटीच आली होती, कामावरून थेट. तिनं ना ओटा बघितला ना कपाटं. झोपायच्या खोलीत मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मी दिवसा झोपते. दिवसा इथं शांत असतं ना?"

"तुम्हीच ऐका की," मी म्हणालो.

ती ऐकत उभी राहिली. मीही अगदी गप्प उभा राहिलो, जणू मलाही ऐकायचंय. पंखासुद्धा मी बंद केला. मिनिटभरानं तिनं डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते बघून मला स्वतःचं कौतुक वाटलं. एक शब्द खोटा बोललो नव्हतो मी. दुसऱ्या दिवशी करार झाला. सहा महिन्यांच्या आत भाडेकरूनं जागा सोडायची नाही, सोडली तर डिपॉझिट विसरायचं, अशी अट मालकानं घातली आणि तिनं हसत सही केली.

तिचा पहिला फोन पाचव्या दिवशी आला. "खाली कसला आवाज येतो हो?" मी म्हणालो, नवीन जागा आहे, सवय होईल. दुसरा फोन आठव्या दिवशी. मी म्हणालो, मालकांशी बोला. मालक तिच्यावर ओरडले की मी त्या खोलीत नऊ वर्षं झोपलोय, आवाज कसला, कानाच्या डॉक्टरकडे जा. मी हात झटकून मोकळा झालो. त्यांचं ते बघून घेतील म्हटलं.

सतराव्या दिवशी ती ऑफिसात आली. मी तिला ओळखलंच नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मी नेमका फोनवर होतो, म्हणून ती आत्यासमोर बसली.

"परवा माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "एका बाळाचं औषध मी दुसऱ्या बाळाला द्यायला घेतलं. माझ्याबरोबरच्या सिस्टरनं हात धरला म्हणून वाचलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर वॉर्डातून काढावं लागेल. ते काढू देत हो. पण तिनं हात धरला नसता तर?"

आत्यानं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"रविवार सोडले तर सतरा दिवसांत मी एका वेळी दोन तासांच्या वर झोपलेली नाही. कानात बोळे घालून झाले, स्वयंपाकघरात अंथरूण घालून झालं. मला ती जागा सोडायची आहे. पण डिपॉझिट अडकलं तर दुसरी घेऊ कशानं? मालक म्हणतात, आवाजच नाही."

मी फोन ठेवला आणि नेहमीच्या तोऱ्यात सुरू झालो, "करारात स्पष्ट लिहिलंय, सिस्टर, आणि आम्ही मध्ये..."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली. मग सिस्टरला म्हणाली, "तुमची किल्ली मला द्या. आज तुम्ही माझ्या घरी जाऊन झोपा, घरात कुणी नाही. तुमच्या घरी मी झोपते."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. पण तिनं खरंच कपाटातून चटई काढली, खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि निघाली. साठी उलटलेली बाई, काखेत उशी, भर बाजारातून. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्यानं विचारलं, "आत्या, कुठं?" तर म्हणाली, "झोपायला." आत्याची झोप म्हणजे आमच्या घरातली दंतकथा आहे. लग्नात बँडशेजारच्या खुर्चीवर ती तासभर झोपल्याचे साक्षीदार आहेत. म्हणून मी निर्धास्त होतो. म्हटलं, येईल आणि सांगेल, पोरगी नाजूक आहे.

ती चार वाजता आली. केस विस्कटलेले. चटई कोपऱ्यात उभी केली.

"पहिला अर्धा तास काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मालक म्हणतात तेच खरं. मग डोळा लागतोय तोवर असा दणका बसला की मी उठून बसले. तीन-चार मिनिटं चालतं आणि थांबतं. आता थांबलं म्हणून पडावं, तर झोप येते न येते तोच पुन्हा. सतत चाललं असतं ना, तर माणूस सरावला असता. हे सरावू देत नाही. एक ते दोन त्यांची जेवायची सुट्टी, तेवढीच काय ती झोप. चौदा वेळा उठले मी." ती बसली. "ती पोरगी सतरा दिवस हे करून रात्री दुसऱ्यांची बाळं सांभाळतेय."

मी काहीतरी पुटपुटलो. तिचं लक्ष नव्हतं. सिस्टरची किल्ली टेबलावर ठेवून, मालकाचा नंबर बघायला ती फळीपाशी गेली, आमच्याकडची जोडकिल्ली काढली आणि बिल्ला तिच्या हातात उलटा आला.

ती वाचत राहिली. दोनच शब्द होते, पण ती बराच वेळ वाचत राहिली. मग तिनं दुसरा बिल्ला उलटला. तिसरा. अख्खी फळी उलटून बघितली. माझी पाचावर धारण बसली. ओरडली असती तर बरं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं असतात. तिनं टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि एकेक बिल्ला कापून माझ्यासमोर टाकला.

"नवीन करून ठेव," एवढंच म्हणाली. "दोन्ही बाजू मला दिसतील असे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं त्या घरात जमलो. आत्या, मी, खिळेकाका आणि कामावरून घरी येऊन अजून न झोपलेली सिस्टर. साडेबाराला यायचं ठरलं होतं, पण काका आले सव्वाला, म्हणजे वर्कशॉपची सुट्टी सुरू झाल्यावर. खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे सिस्टर भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

काका आल्या आल्या सुरू झाले. "कुठाय आवाज? मला ऐकवा! मी सही करतो, आत्ता करतो, पण ऐकवा!"

"आत्ता सुट्टी आहे. दोनला सुरू होईल," आत्या म्हणाली.

"मग दोनपर्यंत थांबतो! नऊ वर्षं झोपलोय मी इथं. उद्या ही गेली तर लोक म्हणतील या घरात काहीतरी आहे. मग कोण घेईल? लेकीपुढे हात पसरू का मी?"

खोटं काहीच नव्हतं त्यांच्या बोलण्यात, आणि आत्यानं तसं सांगितलं. "तुमचं बरोबर आहे. हिचंही बरोबर आहे. चुकलंय ते माझ्या ऑफिसचं. आवाज असतो हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ना हिला सांगितलं, ना तुम्हाला. तुम्ही हिला सोडा. दिवसभर बाहेर राहणारा भाडेकरू मी तुम्हाला आणून देते, आवाजाचं आधी सांगून. त्याची दलाली घेणार नाही, आणि तो मिळेपर्यंत तुमच्या खर्चाची जबाबदारी माझी."

तीस वर्षं ही बाई या धंद्यात आहे, आणि ज्या ऑफिसचं नाव तिनं जिने चढून कमावलं, त्याच्यावर तिनं माझा चिखल असा एका वाक्यात ओढून घेतला. 'माझ्या ऑफिसचं' म्हणाली. 'माझ्या भाच्याचं' म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि तेवढाच तिचा अभिमान वाटला, हेही खरं.

"ऑफिसचं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलंय. मला माहीत होतं. म्हणूनच मी रविवारी घर दाखवलं. सिस्टर, तुम्ही विचारलंत तेव्हा मी..."

"शू," आत्या म्हणाली.

सिस्टर झोपली होती. भिंतीला टेकून, मान एका खांद्यावर, हातात कराराचा कागद तसाच. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकापुढे चूक कबूल केली आणि गिऱ्हाईक झोपलेलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. मोठ्यानं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्यानं उशी आणून हळूच तिच्या मानेखाली सरकवली. ती हललीसुद्धा नाही. दोनला दहा मिनिटं कमी होती.

मशीन सुरू झालं की काकांना आवाज ऐकू येईल आणि भांडण मिटेल, हे मला कळत होतं, आत्यालाही कळत होतं. पण काकाच उठले, माझ्या कानाशी आले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "खाली जा. सांग त्यांना, जरा थांबा."

मी जिना उतरून धावत गेलो. वर्कशॉपचा मिस्त्री डबा पुसत होता. मला हात जोडायची सवय नाही. एरवी मी त्याला नियम सांगितले असते, तक्रारीची धमकी दिली असती. त्या दिवशी म्हणालो, "दादा, वर एक सिस्टर झोपली आहे. लहान बाळांच्या वॉर्डात असते. थोडा वेळ मशीन लावू नका." त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "एवढंच ना? आधी कुणी सांगितलं असतं तर..." म्हणाला, आणि पट्टी घेऊन पत्र्यांवर खुणा करायला बसला.

सव्वातीनपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत काहीही न बोलता बसलो. दोन गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. काका आपल्या भिंती न्याहाळत होते. आत्या जागी होती, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

मग मशीन सुरू झालं. मिस्त्री तरी किती थांबणार? दणका असा आला की खिडकीची काच वाजली. सिस्टर दचकून जागी झाली, मी खांदे आवळले, आत्यानं कानांवर हात नेले. काका मात्र तसेच शांत बसले होते. मग त्यांना आमचे चेहरे दिसले. एकेकाचा चेहरा त्यांनी नीट बघितला.

सिस्टर गडबडून सावरून बसली. "अगं बाई, झोपच लागली मला. काय ठरलं?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही मिटवताय ना? बरं झालं तुम्ही तरी आलात. थँक्यू हं."

ते थँक्यू घेऊन मला घरी जाता आलं असतं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वर्कशॉप, बिल्ला, रविवार, बंद केलेला पंखा. सगळं.

मला वाटलं ती ओरडेल. ती हळू आवाजात बोलली.

"सतरा दिवस मला वाटत होतं, माझंच डोकं बिघडलंय. हे म्हणतात आवाज नाही. तुम्ही म्हणता सवय होईल. काल रात्री मला बाळाला हात लावायची भीती वाटत होती, कारण बाळ रडतंय की मलाच तसं वाटतंय, हे मला कळेना. आणि तुम्हाला माहीत होतं."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"आज नाही करणार," ती म्हणाली.

खाली पुन्हा मशीन लागलं. आम्ही तिघं पुन्हा दचकलो. तेव्हा काका खुर्चीवरून उठले, गुडघ्याला हात देत खाली वाकले आणि तळवा जमिनीवर सपाट ठेवला. असे ते बराच वेळ राहिले, डोळे मिटून. छत्तीस वर्षं मशीनवर काढलेला तो हात होता.

"चालू आहे," ते म्हणाले. या खेपेला त्यांचा आवाज खरंच लहान होता. "पात्याला धार नाही, म्हणून इतकं दणकतंय. आणि मला यातलं काहीच ऐकू येत नाही." ते तसेच वाकलेले, सिस्टरकडे बघत म्हणाले, "तुमचं काही बिघडलेलं नाही, बाई. माझं बिघडलंय. आणा तो कागद इकडे."